महापालिका ऐकत नसेल तर: नाशिककरासाठी कोर्टाची वाट, पहिल्या अर्जापासून

नाशिकमध्ये चार माणसं चहाला जमली आणि रस्त्याचा, पाण्याचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक म्हणतो, "यांच्यावर जनहित याचिकाच टाकायला पाहिजे." दुसरा म्हणतो, "कोर्टात गेलात तर आयुष्य जाईल." दोघांपैकी कुणाकडेही बहुधा महापालिकेच्या आवक शिक्क्याचा, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या शिक्क्याचा, एकही कागद नसतो. माझ्या मते अशा प्रकरणांचा निकाल बराचसा त्या शिक्क्यावरच ठरतो. कायद्याने हे काम तुमचं आहे, आम्ही ते लेखी मागितलं, तुम्ही केलं नाही आणि कारणही दिलं नाही: एवढ्या तीन गोष्टी कागदावर दिसल्या की न्यायाधीश पुढचं ऐकतात. त्या दिसल्या नाहीत तर कितीही मोठा वकील दिला तरी पहिल्याच तारखेला "आधी प्रशासनाकडे जा" असं ऐकून परत यावं लागतं.

ज्यांनी आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी हा सगळा रस्ता क्रमाने लिहितो आहे.

आधी एवढं समजून घ्या: कोर्ट काय करतं, काय करत नाही

राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालय सरकारला, महापालिकेला, जिल्हा परिषदेला "हे तुमचं कर्तव्य आहे, ते पार पाडा" असा आदेश देऊ शकतं. कायद्याच्या भाषेत हा परमादेश. मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर ३२ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाचं दारही उघडं आहे, पण आधी उच्च न्यायालयात का गेला नाहीत, हा प्रश्न तिथे हमखास येतो.

लोककल्याणाच्या बहुतेक याचिका २१ व्या कलमावर, म्हणजे जगण्याच्या हक्कावर उभ्या असतात. या हक्कात उपजीविका येते हे १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात ठरलं. विषय होता मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा. हक्क मान्य झाला, पण फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कोर्टाने कायम ठेवला. निकालाचा हा दुसरा भाग भाषणांत सहसा सांगितला जात नाही. १९९६ मध्ये पश्चिम बंगालचं एक प्रकरण आलं. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या माणसाला कोलकात्यातली सरकारी रुग्णालयं एकामागून एक परत पाठवत राहिली, शेवटी त्याला खासगीत उपचार घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि सांगितलं की तातडीचे उपचार नाकारणं हा २१ व्या कलमाचा भंग आहे.

मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो तो रतलामचा निकाल. मध्य प्रदेशातल्या या शहरात एका वस्तीतले लोक उघड्या गटारांनी आणि मद्यार्काच्या कारखान्याच्या सांडपाण्याने हैराण झाले होते. ते उच्च न्यायालयात गेलेच नाहीत. गावातल्याच दंडाधिकाऱ्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी, अर्ज केला. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला गटारं बांधायला सांगितली. नगरपालिका "पैसे नाहीत" म्हणत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि १९८० मध्ये तिथे हरली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की कायद्याने नेमून दिलेल्या मूलभूत कर्तव्यातून तिजोरी रिकामी असल्याचं कारण सांगून सुटता येत नाही. आपल्याकडे प्रभाग समितीच्या बैठकीत "निधी उपलब्ध नाही" हे उत्तर ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी हा निकाल पाठ करून ठेवावा.

आता मर्यादा. उड्डाणपूल द्वारकेला हवा की दुसरीकडे, बससेवेवर जास्त खर्च करावा की उद्यानांवर, अशा धोरणाच्या प्रश्नांत कोर्ट सहसा हात घालत नाही. आणि कोर्ट नाशिककरांच्या बाजूनेच उभं राहील हेही गृहीत धरू नका. गंगापूर आणि दारणा समूहातून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आपल्याकडे ओरड होते. पण २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. तिच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. सरकारला जाब विचारणारे तेव्हा मराठवाड्यातले होते, एवढंच.

पायरी १: काम नेमकं कुणाचं, ते ठरवा

इथे घाई केली की सहा महिने वाया जातात. खड्डा महापालिकेच्या रस्त्यावर आहे, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या? मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधोमध जातो, त्यामुळे हा घोळ नाशिकमध्ये जरा जास्तच होतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एमआयडीसी येते. सिटीलिंक बस महापालिकेच्या परिवहन महामंडळाची, लालपरी एसटीची. नाशिकरोडचं बिटको रुग्णालय आणि द्वारकेजवळचं झाकिर हुसेन रुग्णालय महापालिकेचं. जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, राज्य सरकारच्या आरोग्य खात्याचं. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. रेशनसाठी जिल्हा पुरवठा अधिकारी. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांची तक्रार असेल तर आदिवासी विकास विभाग, आणि त्याचं आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे. सिंहस्थाच्या कामांत आता कुंभमेळा प्राधिकरणही आलं आहे, त्यामुळे फलक नीट वाचा.

खातं सापडलं की कायद्याचं कलम शोधा. महापालिकेसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं ६३ वं कलम उघडा. गटारं, मैला वाहून नेणं, रस्त्यांची देखभाल, दिवाबत्ती, पाणीपुरवठा अशी महापालिकेची बंधनकारक कामं त्यात दिली आहेत. ६६ व्या कलमातली कामं ऐच्छिक आहेत. तुमची मागणी ६३ मध्ये बसते की ६६ मध्ये, यावर तुमच्या प्रकरणाचं अर्धं वजन ठरतं. रेशनचा विषय असेल तर २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा: प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य.

पायरी २: लेखी मागणी करा आणि पोच घ्या

समजा, नवीन नाशिकमधल्या एका कॉलनीत भूमिगत गटाराचं चेंबर महिनोन्‌महिने तुंबतं आहे आणि मैलापाणी पावसाळी नाल्यातून नंदिनी नदीत जातं आहे. अर्ज असा असावा:

"आमच्या कॉलनीतील अमुक क्रमांकाच्या घरासमोरील भूमिगत गटाराचे चेंबर अमुक तारखेपासून तुंबत आहे. मैलापाणी रस्त्यावर व पावसाळी नाल्यात जात आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार हे काम महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १५ दिवसांत दुरुस्ती करावी. शक्य नसल्यास कारणे लेखी कळवावीत."

एवढं पुरे. "मायबाप सरकार" नको, नगरसेवकावर राग नको, आणि एका अर्जात गटार, मोकाट कुत्री आणि पथदिवे असे तीन विषय तर अजिबात नकोत. शेवटचं वाक्य मात्र सोडू नका. पुढे कोर्टात महापालिका "काम तांत्रिक कारणाने थांबलं होतं" असं म्हणणार असते, आणि ते कारण तिने वेळेवर का कळवलं नाही हा प्रश्न या एका वाक्यामुळे तुम्हाला विचारता येतो.

अर्ज विभागीय कार्यालयात द्या आणि एक प्रत शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात आयुक्तांच्या नावाने द्या. दोन्हीकडे तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. खिडकीवरचा कर्मचारी "राहू द्या, साहेबांना देतो" म्हणाला तर हसून तिथेच उभे राहा. शिक्का द्यायला फारच टाळाटाळ झाली तर सरळ पोस्टात जा, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याची नोंद छापून ठेवा. ॲपवर केलेल्या तक्रारीचा क्रमांकही जपा, पण ॲपवरच्या तक्रारी "निराकरण झाले" असा शेरा मारून परस्पर बंद होतात. कागदी अर्जाला पर्याय नाही.

सह्या पन्नास जणांच्या घ्या, पण अर्जदार म्हणून दोन-तीनच नावं पुढे ठेवा. ज्यांची बदली होणार नाही, ज्यांचं घर विकायला काढलेलं नाही आणि ज्यांना निवडणूक लढवायची नाही, असे. ही शेवटची अट गमतीने लिहिलेली नाही.

१५ दिवस झाले की स्मरणपत्र द्या. त्यात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक लिहा.

पायरी ३: माहिती अधिकार

स्मरणपत्रानंतर माहितीचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं नाशिकला खंडपीठ आहे, मुंबईला धावायची गरज नाही. दोन्ही अपिलांना २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

नवखे लोक इथे "का" विचारतात: काम का झालं नाही? माहिती अधिकारात "का"चं उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. म्हणून कागद मागा. तुमच्या अर्जावरच्या कार्यालयीन टिप्पणीची आणि शेऱ्यांची प्रत, त्या गटाराच्या शेवटच्या दुरुस्तीचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) पानं, ठेकेदाराचं बिल, रस्ता असेल तर दोषदायित्व कालावधी (ज्या काळात बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा) कधी संपतो ते दाखवणारा करारनामा. मोजमाप पुस्तिका हाती आली की गंमत कळते. कागदावर दोनदा साफ झालेलं चेंबर तुमच्या फोटोत तुंबलेलं दिसतं, तारीखही तीच. असा एकच विरोधाभास याचिकेत दहा पानांच्या तक्रारीला भारी पडतो. फाइल स्वतः पाहण्याचा अधिकारही याच कायद्यात आहे, तो वापरा.

पायरी ४: जवळची दारं ठोठवा

कोर्ट पहिल्यांदा विचारतं: दुसरा उपाय होता का, आणि तो वापरलात का? शिवाय बऱ्याच गोष्टी याच टप्प्यावर सुटतात. माझ्या अंदाजाने जनहित याचिकेच्या गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम खालच्यापैकी एखाद्या दारावरच होऊन जाईल.

लोकशाही दिन: जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी, विभागीय आयुक्तांकडे दुसऱ्या, तहसीलला तिसऱ्या. अर्ज आधी द्यावा लागतो. दाखला, नळजोडणी, परवानगी अडली असेल तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५. सेवा अधिसूचित असेल तर तिला मुदत असते, मुदत हुकली की अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

रतलामवाला दरवाजाही अजून उघडा आहे. जुन्या १३३ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाने घेतली. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. वकील घेतला तर उत्तम, पण अर्ज साधा असतो. हे कलम फार कमी लोक वापरतात आणि ते मला कायम खटकतं.

खड्ड्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे अलीकडे मोठी गोष्ट घडली आहे. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतल्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि कोर्टाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्याच प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२५ रोजी कोर्टाने आदेश दिला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे ५०,००० ते २.५ लाख. दाव्याचा निर्णय समिती करते. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यावर असतात. दाव्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे आणि ती जबाबदार ठेकेदाराकडून, अधिकाऱ्याकडून वसूल करायची आहे. म्हणजे तुमच्या घरातलं कुणी खड्ड्यात पडून जखमी झालं असेल तर आता नवी याचिका लढायची गरज नाही, या आदेशाचा हवाला देऊन समितीकडे दावा करायचा. त्यासाठी त्याच दिवशीच्या तीन गोष्टी लागतील: पोलिसांतली नोंद, रुग्णालयाचा कागद आणि खड्ड्याचा असा फोटो ज्यात आजूबाजूचं दुकान किंवा खांब ओळखू येतो. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो. एरवी वर्षभर न बुजणारा खड्डाही अपघातानंतर रातोरात बुजतो.

वकिलाचे पैसे नसतील तर जुन्या आग्रा रोडवरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते.

पायरी ५: कोर्ट निवडा

इतकं करूनही हललं नाही, तर पुढचा विचार.

नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येतो. शेजारचे धुळे, जळगाव, अहिल्यानगर औरंगाबाद खंडपीठाखाली, त्यामुळे येवला-सिन्नरकडच्या लोकांचा कधीकधी गोंधळ होतो. नाशिकच्या रिट याचिका, म्हणजे २२६ व्या कलमाखालच्या याचिका, मुंबईत अपील शाखेत दाखल होतात.

स्वतःचा हक्क डावलला गेला असेल, म्हणजे तुमचं पेन्शन, तुमचं रेशनकार्ड, तुमच्या मुलाचा शाळाप्रवेश, तर साधी रिट याचिका. अनेकांचा, विशेषतः स्वतः कोर्टात येऊ न शकणाऱ्यांचा प्रश्न असेल तर जनहित याचिका. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालाने हे दार रुंद केलं, पण पुढे त्यातून इतके हौशी लोक शिरले की २०१० मध्ये बलवंत सिंग चौफाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयांना नियम करायला सांगावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाचे जनहित याचिका नियम त्याच वर्षीचे. याचिका करणारा कोण, त्याचा स्वतःचा काही फायदा आहे का, हे प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. वादातल्या नाल्याला लागून तुमचा प्लॉट असेल तर ते पहिल्याच पानावर लिहा. लपवलेला प्लॉट सरकारी वकील शोधून काढतोच, आणि मग गटार बाजूला राहतं, चर्चा तुमची होते. नुसत्या वर्तमानपत्राच्या कात्रणांवर याचिका टिकत नाही, तुमची शिक्क्यांची फाइल इथे कामाला येते.

पर्यावरणाचा विषय, म्हणजे नदी, कारखान्याचं सांडपाणी, कचरा, धूर असेल तर पुण्याचा हरित लवाद (पर्यावरणाच्या वादांचं वेगळं न्यायाधिकरण). २०१० च्या कायद्याखाली साधारण अर्ज वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. सहा महिने ही मुदत फार फसवी आहे. महापालिकेच्या आश्वासनांत ती सहज निघून जाते. झाडतोडीच्या बाबतीत तर हरकतीचीच मुदत आठवडाभराची असते. २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातली झाडं तोडण्यासाठी महापालिकेने नोटीस काढली तेव्हा वेळेत शेकडो हरकती गेल्या, आणि म्हणूनच पुढे लवादात जाणाऱ्यांकडे दाखवायला काहीतरी होतं.

जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावायचा असेल तर सरकारला दोन महिन्यांची आणि महापालिकेला एक महिन्याची आगाऊ नोटीस द्यावी लागते. नोटीस राहिली म्हणून दावे पडतात. वकिलाला हे आठवण करून द्यायला लाजू नका.

पायरी ६: मागणं नेमकं लिहा

याचिकेचा सगळ्यांत शेवटचा परिच्छेद, ज्याला वकील "विनंती" म्हणतात, तो तुम्ही स्वतः वाचून समजून घ्या. "गोदावरी स्वच्छ करण्याचे आदेश व्हावेत" हे मागणं ऐकायला छान आहे, पण त्याचं पालन झालं की नाही हे कुणी कधीच सांगू शकणार नाही. "अमुक तीन नाल्यांतून नदीत जाणारे मैलापाणी चार महिन्यांत मलनिस्सारण वाहिनीला जोडावे आणि दर महिन्याला त्याचा अहवाल कोर्टात द्यावा" हे मागणं मोजता येतं. छोटं, मोजता येणारं, मुदतीचं, आणि ते कोण करणार त्या अधिकाऱ्याच्या पदासह.

अहवाल मागवत प्रकरण जिवंत ठेवणं हे कोर्टाचं सगळ्यांत प्रभावी हत्यार आहे. अन्नाच्या हक्काची याचिका २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. तेव्हा बऱ्याच राज्यांत शाळेतल्या मुलांना महिन्याला ३ किलो धान्य हातात दिलं जायचं. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं: किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. आकडे बघा कसे आहेत. "मुलांना पोषक आहार द्यावा" इतकंच म्हटलं असतं तर राज्यांनी परिपत्रक काढून विषय संपवला असता. कोर्टाने देखरेखीला आयुक्त नेमले, वर्षानुवर्षं अहवाल मागवले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिजणाऱ्या खिचडीमागे तो आदेश आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. पहिल्या सुनावणीत बहुधा असा आदेश होतो: "अर्जदारांच्या निवेदनावर आयुक्तांनी आठ आठवड्यांत निर्णय घ्यावा." लोक याला हार समजतात. मी समजत नाही. आता आयुक्तांना सहीनिशी कारण द्यावं लागतं, आणि ते कारण चुकीचं असेल तर दुसऱ्या याचिकेला भक्कम पाया मिळतो.

पायरी ७: तारखा

स्वतःच बाजू मांडायची असेल तर मुंबई उच्च न्यायालयात आधी एका समितीसमोर जावं लागतं. तुम्हाला प्रकरण मांडता येईल का, ते ती बघते. नवख्याने वकील घ्यावा असंच मी म्हणेन. फी आधी लेखी ठरवा: दाखल करण्याचे किती, तारखेचे किती, झेरॉक्स-टायपिंगचे कुणाकडे. याचिकेच्या कागदांचं वजन पाहिल्यावर शेवटचा प्रश्न किती महत्त्वाचा होता ते कळेल.

प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख, आदेश सगळं दिसतं. आदल्या संध्याकाळी बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहा, प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे ते बघा आणि मगच पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट काढा. क्रमांक ११० वर असेल तर जाऊन काही होणार नाही. पण महत्त्वाच्या तारखेला कॉलनीतले दोघं-तिघं जरूर जा. गर्दी नको. सरकारी वकील "काम सुरू आहे" म्हणाला तर तुमच्या वकिलाच्या हातात त्या सकाळचा फोटो असला पाहिजे, आणि तो तुमच्याशिवाय कोण देणार?

महापालिकेचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर येतं. ते परिच्छेदवार वाचा, प्रत्येकासमोर खरं-खोटं लिहा, खोट्यासमोर तुमच्या फाइलचं पान टाका. वकिलाला ही वही दिलीत तर तो तुमच्यावर खूश होईल.

पायरी ८: आदेश मिळाल्यावर

गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका २०१२ पासूनची. तिच्यामुळे नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेचा अभ्यास झाला, विभागीय आयुक्तांच्या पातळीवर बैठका होऊ लागल्या, अधिकाऱ्यांना कोर्टात उत्तरं द्यावी लागली. तरी पानवेली अजून दिसतात आणि नाल्यांचं पाणी अजून नदीत येतं. मी यावरून कोर्ट निरुपयोगी ठरवणार नाही. पण आदेश हातात आला की काम संपलं असं मानणाऱ्यांनी एकदा रामकुंडापासून तपोवनापर्यंत काठाकाठाने चालून यावं.

आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. ती अर्जाला जोडून आयुक्तांना द्या आणि पुन्हा आवक शिक्का घ्या. आदेशातली मुदत कधी सुरू झाली ते या शिक्क्यावरून सिद्ध होतं. मुदत संपली की पंधरा दिवसांत एक पत्र द्या, पालन झालं का ते विचारा. नंतर माहिती अधिकारात पालनाची फाइल मागा. कोर्टाने अहवाल मागवला असेल आणि तो आला नसेल तर वकिलाकरवी प्रकरण पुन्हा बोर्डावर आणा. इतकं करूनही दुर्लक्ष झालं तर अवमान याचिका. तिची मुदत अवमान घडल्यापासून एक वर्ष आहे आणि ती कागदोपत्री आश्वासनांनी वाढत नाही. अवमान याचिकेत अधिकाऱ्याला नावाने पक्षकार केलं जातं, त्यामुळे नोटीस निघाल्यावर कामाला एकदम वेग येतो, आणि बऱ्याचदा सुनावणीच्या आदल्या आठवड्यात पालनाचं प्रतिज्ञापत्र येतं. ते आलं की जागेवर जा, मोजा, फोटो काढा. काम अर्धं असेल तर तसं लेखी कोर्टाला सांगा, नाहीतर प्रकरण निकाली निघेल.

आणि या सगळ्यात आयुक्तांची बदली झाली, जी होतेच, तर नव्या आयुक्तांना आदेशाची प्रत पुन्हा द्या. शिक्काही पुन्हा घ्या.